डब्यात मावणारं शीड

रामटेके मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो ते त्यांच्या प्रताप नगरच्या घरी. एम.टेक.साठी प्रकल्प मागायला गेलो होतो. मॅडमनी जेवणाचा स्टीलचा डबा समोर ठेवला आणि विचारलं, "यात मावेल असं शीड बनवशील?" मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो, ते मात्र घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

काम संपलेले उपग्रह फार उंचावर तसेच फिरत राहतात आणि चालू उपग्रहांच्या वाटेत येतात. तिथं हवा नाही, म्हणून ते आपोआप खाली पडत नाहीत. त्यांना ओढून नेणारं यान पाठवणं हे श्रीमंतांचं काम. मॅडमचा उपाय स्वस्तातला: उपग्रहासोबतच पातळ, चकचकीत पडद्याची घडी पाठवायची. उपग्रह निवृत्त झाला की पडदा शिडासारखा उघडायचा आणि सूर्यप्रकाशाच्या हलक्या रेट्यानं वर्षानुवर्षं सरकत त्यानं गर्दीबाहेर पडायचं. इंधन नको, दुसरं यान नको. उधळपट्टीचा मॅडमना मनापासून राग आहे. माझ्या अख्ख्या प्रबंधावरच्या सूचना त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर लिहून दिल्या होत्या.

शिडाची पेटी उपग्रहावर बसवायला आम्ही दोघं परगावी, उपग्रह जोडत होते तिथं गेलो. प्रवासात झाकण उघडू नये म्हणून तिला लाल दोरा बांधला होता. तो काढायचं काम माझं. नेमका त्याच सकाळी मुलगी झाल्याचा फोन आला. "पळ गा, पोरीले पाह्य आधी," म्हणत मॅडमनी मला रिक्षात बसवलं. स्टेशनवरून गाडी सुटल्यावर आठवेना, दोरा काढला की राहिला? राहिला असेल तर शीड कधीच उघडणार नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. उपग्रह अवकाशात गेला. पुढं मी मॅडमच्याच प्रयोगशाळेत कामाला राहिलो. रोज दुपारी मॅडम डबा सोडून अर्धी भाजी मला वाढायच्या, आणि मी ती घाईघाईनं संपवून उठायचो.

मुलगी तिसरीत गेली, तेव्हा उपग्रह निवृत्त झाला. शीड उघडायचा आदेश जाणार त्या सकाळी मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे पिशवीतून डबा काढला. त्याच्या सैल झाकणाला लाल दोरा बांधलेला होता. तो मी इतकी वर्षं रोज पाहत होतो!

"हाच न? मीच काढला. चांगला दोरा, फेकाचा काहून?" मग त्यांचा आवाज खाली आला. "इतकी वर्षं एकटाच कुढून राहिला? मले विचारलं काहून नाही गा?"

मी भर प्रयोगशाळेत रडलो. दुपारी शीड उघडल्याचा संदेश आला. सगळे नाचत होते. मी निवांत बसून मॅडमच्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली. आता माझे विद्यार्थी चूक कबूल करायला आले की मी त्यांना आधी खुर्ची देतो.

मॅडम, आपण साठ वर्षं पूर्ण करत आहात. स्वस्त उपायाला वेळ लागतो, हे आपणच आम्हाला शिकवलंत. आपला उपग्रह रोज थोडाथोडा सरकतो आहे. गर्दीबाहेर पडायला त्याला अजून पुष्कळ वर्षं लागतील. तो बाहेर पडेल त्या दुपारी आपण ठणठणीत प्रकृतीनं, डबा घेऊन, प्रयोगशाळेत हव्यात. त्या दिवशी डब्याचा दोरा मी सोडेन.