मुक्या भागीदारीतला फंड

रविवार, २६ मार्च १९८९. गच्चीवर कुरडया घालत होते, तेवढ्यात खालून हाक आली, “वकीलसाहेब आलेत, दुकानाच्या कागदांवर सहीला या.”

जुन्या जालन्यातल्या आमच्या कापडाच्या दुकानात मी भागीदार होते. सासरे गेल्यावर त्यांच्या जागी खरं तर माझे यजमान यायचे. पण ते सरकारी शाळेत मास्तर. सरकारी नोकराला धंदा चालत नाही, धंद्यात भागीदार बायको चालते. दुसरे भागीदार थोरले दीर, आणि थोरल्या दिरांशी बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. दोन भागीदार एकमेकांशी कधीच भांडले नाहीत, असं हे बाजारातलं एकमेव दुकान असावं. नफ्यातला माझा वाटा दरवर्षी माझ्या नावावर जमा होई आणि सुनेसारखा घरातच राही.

यजमानांना पुढे पेन्शन होती, फंड होता. मला म्हातारपण तेवढं होतं.

दाराआडून मी वकिलांना विचारलं, “भागीदारीची कमाई पीपीएफमध्ये भरता येते का?”

“फंड नोकरीवाल्यांचा असतो,” यजमान पेपरातून म्हणाले. त्यांना फंड होता, त्यामुळे त्यातलं ज्ञानही होतं.

“वकीलसाहेब, यांना सांगा,” दीर वकिलांकडे बघत म्हणाले, “फंडात भरायला कमाई लागती. यांची नुसती कागदावरची हाय.”

वकिलांनी कप खाली ठेवला. “हळू बोला, शेठ. कागदावरची म्हणालात तर यांचा वाटा तुमच्या कमाईत धरतील. टॅक्स भरा मंग सगळा.”

“तसं न्हाई म्हणलो मी.”

“मंग कमाई यांचीच, बराबर? पीपीएफला नोकरी लागत न्हाई. दुकानाच्या नावानं खातं निघत न्हाई, पण यांच्या नावानं बिलकुल निघतं. वाट्यातून उचल घ्यायची आन् भरायची.”

“वकीलसाहेब,” मी म्हणाले, “त्यांना सांगा, उद्या सकाळी उचल पाहिजे. हात चिकानं भरलेत, सहीपण उद्याच करते.”

दिरांनी रिकामा कप पुढे सरकवला. “यांना विचारा,” ते म्हणाले, “चहा आणखी मिळंल का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतल्या देवळीत उचलीचं पाकीट ठेवलेलं होतं. ते घेऊन मी बँकेत गेले, खातं उघडलं, येऊन कुरडया उलटवल्या. मग सही केली.