लाल चिठ्ठी आणि झेंडूची माळ

विमानाच्या पंख्यावरची लाल चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने काढली होती. झेंडूचा वास आला की माझं ते शहाणपण आठवतं. अमेरिकेतल्या नोव्हाय गावी लेकीकडचा दसरा, आणि जावयांच्या इंजिनवाल्या ग्लायडरची पूजा मीच करणार हा माझा हट्ट. विमान ठेवायच्या हँगरमध्ये गारठा होता, मेकॅनिक नवी नळी आणायला गेला होता. इंग्रजी वाचता यायचं, पण वाचतंय कोण! सणाच्या दिवशी हे कसलं लेबल, म्हणत चिठ्ठी पर्समध्ये कोंबली आणि तिथे लांबलचक माळ बांधली. मग जावई आले, नमस्कार करून त्यांनी माळ सोडून माझ्या हातात दिली, आत बसून इंजिन सुरू केलं. ग्लायडर धावपट्टीकडे निघाला तसा गोडसर, जळका वास आला. मागे जमिनीवर हिरव्या थेंबांची रेघ उमटत होती. मी कौतुकाने हात हलवत होते. तेवढ्यात मेकॅनिक "स्टॉप! स्टॉप!" ओरडत आडवा धावला. इंजिन थंड ठेवणारी नळी बदलल्याशिवाय उडायला सक्त मनाई, असं त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. मी पर्समधून चिठ्ठी काढली. जावयांनी इंजिन बंद करून, खाली उतरून चिठ्ठी वाचली, माझ्या हातातल्या माळेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आई, माळ चांगली लांब केलीत. माझ्या फोटोलाही पुरली असती."