तिसरी हाक

आईला घोडाझरीचा तलाव दाखवायचं मी ठरवलं आणि त्याच दिवसापासून मलाच धाकधूक लागली. मी पडले भित्री. त्यात एप्रिल, म्हणजे मोहफुलांचे दिवस. या दिवसांत फुलं वेचायला गेलेल्या बायांच्या बातम्या येतात, आणि मी त्या नेमक्या वाचते.

आईचं माहेर चिमूरकडचं. ते जुनं गाव पाहून आम्ही निघालो. वाटेत चहाच्या टपरीवाल्याने तिला बजावलं, "बाई, गाडीतून उतरू नका. मोहाखाली वाकलेलं माणूस वाघाले जनावर वाटते."

"मले काय सांगतो भाऊ," आई म्हणाली, "माह्यं लहानपण मोहाखालीच गेलं."

तलाव दिसला. सभोवती डोंगर, मधे निळंशार पाणी. माझाही जीव जरा भांड्यात पडला. आईला गाडीत बसवून मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर चढले, चार फोटो काढले आणि परत आले. गाडीचं दार उघडं होतं. आत आई नव्हती.

"आई!" मी ओरडले. रस्त्यापलीकडे मोहाची झाडं, त्यामागे दाट रान. "आई!" कुठूनही उत्तर नाही.

मग आठवलं. जंगलात तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, ही आईची सवय. ओळखीच्या आवाजात दोन हाका दुसरंच काहीतरी मारू शकतं, तिसरी फक्त आपलं माणूस मारतं, असं तिच्या गावच्या बाया मानत. आमच्या घरात बुद्धाची तसबीर. भूतबीत सगळं आई हसण्यावारी नेते. ही सवय मात्र सुटली नाही.

म्हणजे आणखी एक हाक मारायची, एवढंच. आणि तीच तोंडातून निघेना. दोन हाकांना ओ आली नाही, त्याला निदान ही सवय तरी कारण होती. तिसरीलाही आली नाही, तर? पाचोळा वाजला तरी काळजात धस्स होत होतं. गाडीचं दार धरून मी नुसती उभी, आणि स्वतःचाच भयंकर राग येत होता.

शेवटी डोळे घट्ट मिटले. "आई!"

"ओ!"

अगदी जवळून, पहिल्याच मोहामागून. मी धावले. आई बुंध्याला पाठ टेकवून ताठ उभी होती, पदरात मूठभर फुलं. मी रडत रडत तिच्याशी भांडायलाच लागले, तर तिनेच माझा दंड धरला.

"तिसरी हाक काऊन नाई मारली लवकर?" ती म्हणाली. "दोन हाका मारून तू गप्प झाली. मले वाटलं, हे तू नाईच."