बापूरावांनी रिकामा ठेवलेला रकाना

बापूराव गेल्यावर कारखान्यातल्या जुन्या मंडळींनी चार शब्द बोलायला महिपतीला उभं केलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला या माणसाबद्दल जवळजवळ काहीच माहिती नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बावीस वर्षं दोघांनी समोरासमोर बसून डबा खाल्ला. पण बापूरावांना भावंडं किती, लग्न का केलं नाही, रविवारी ते काय करतात, हे महिपतीने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माहीत होता तो त्यांचा एक हट्ट. त्या हट्टाने महिपतीच्या डोक्याची पार मंडई केली होती.

बापूरावांचं काम पाट्यांचं. शेडमध्ये कामगारांसाठी लावायच्या सूचना त्यांनी इंग्रजीतून मराठीत करायच्या. लिहिण्याआधी ते त्या शेडमध्ये जाऊन तासभर उभे राहायचे. कोण कुठून येतो, पाटी वाचताना त्याच्या हातात काय असतं, ते बघायचे. साहेब वैतागायचे, पण घाई करा असं कोणी म्हणत नसे. तिथे चुकीचा शब्द कोणाच्या जिवावर बेतेल हे सगळ्यांना कळत होतं.

निवृत्तीनंतर पाट्या संपल्या. बापूराव खडकीतल्या घराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या बेकरीच्या पाटीतल्या चुका महिपतीला सांगायचे. २००२ साली महिपतीची पुतणी शेफाली कर्वे रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. दूध संकलन केंद्रांसाठी ते एक यंत्र तयार करत होते, दूध तपासून दर सांगणारं. पडद्यावरचे शब्द मराठीत हवे होते. महिपतीने बापूरावांचं नाव सुचवलं. हे नीट झालं तर पुढच्या सगळ्या यंत्रांचं काम त्यांनाच, असं शेफाली म्हणाली. ते ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी बापूरावांनी दाढी केलेली महिपतीने पाहिली. बुधवार असूनही. एरवी ते शनिवारीच करायचे.

यादीत दोनशे बारा शब्द होते, एबीसीडीच्या क्रमाने, प्रत्येकापुढे एक रकाना. चार दिवसांत दोनशे अकरा भरले. एक राहिला. सेट.

"कुठला सेट?" बापूरावांनी विचारलं.

"कुठला म्हणजे? सेट," महिपती म्हणाला.

"चहाचा? टीव्हीचा? दागिन्यांचा? गजर सेट करतात तो? सिमेंट सेट होतं तो? तुमचा मुलगा बंगलोरला सेट झाला म्हणता तो? की प्राध्यापक व्हायला देतात ती परीक्षा?"

"अहो, दुधाच्या यंत्रात परीक्षा कशाला येईल?"

"मग काय येईल? तेच विचारतोय. मला यंत्र दाखवा."

महिपतीने शेफालीला फोन केला. "काका, यंत्र अजून जोडतायत, बाहेरच्यांना अलाउड नाही," ती म्हणाली. "डिक्शनरी बघून एक वर्ड टाका म्हणावं त्यांना. सोमवारी फायनल आहे."

"शब्दकोशात या शब्दाला पावणेदोन पानं आहेत," बापूराव म्हणाले. "त्यातली कुठली ओळ, ते तिला विचारा."

तीन दिवस महिपती शनिवार पेठेतल्या आपल्या घरातून खडकीला आणि खडकीतून पुन्हा घरच्या फोनपाशी असे हेलपाटे घालत राहिला. सोमवारी बापूरावांनी यादी त्याच्या हातात दिली. रकाना रिकामाच.

"रिकामा आहे असं सांगा. रिकामा दिसला तरच कोणीतरी विचारेल."

महिपती बसमध्ये बसला. आता शेफालीपुढे काय तोंड दाखवायचं, हा विचार त्याला सोडेना. त्याने खिशातलं पेन काढलं, ‘ठरवा’ असं लिहिलं आणि यादी पोचती केली.

कात्रजच्या पलीकडे एका गावात यंत्राची चाचणी झाली. यंत्र एकेक शब्द जोडून वाक्य करत होतं. दर निश्चित झाला आहे, असं सांगणाऱ्या ‘रेट सेट’च्या जागी पडद्यावर आलं, ‘दर ठरवा’. केंद्र चालवणाऱ्या प्रेमलाबाईंनी ते दूध घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेला वाचून दाखवलं आणि रांगेने दर ठरवला. शेफालीचे साहेब चिडले, तर एक शेतकरी त्यांना शांतपणे म्हणाला, "आमी कुठं म्हनतोय? तुमचं मशीनच म्हनतंय."

"साहेब म्हणतात, या गृहस्थांना पुन्हा काम द्यायचं नाही," शेफालीने फोनवर सांगितलं.

"तो शब्द त्यांचा नाही," महिपती म्हणाला. "मी लिहिला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग शेफाली म्हणाली, "काका, तो शब्द एकसष्ट ठिकाणी होता. मी यादी क्रमाने लावली आणि रिपीट झालेले उडवले. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच त्रास कमी."

महिपती खडकीला गेला आणि बापूरावांना सगळं सांगितलं.

"बसमध्ये लिहिलंत?"

"हो."

"उभ्याने की बसून?"

"बसून."

"म्हणजे विचार करायला वेळ होता," बापूराव म्हणाले आणि आत गेले.

शेफालीने साहेबांना स्वतःची चूक सांगितली आणि पूर्ण यादी बापूरावांना दिली. दोन दिवस ती त्यांना पहाटे त्या गावी घेऊन गेली. दोन्ही दिवशी ते शेवटचा कॅन रिकामा होईपर्यंत यंत्रापाशी उभे होते. महिपतीशी ते पंधरा दिवस बोलले नाहीत. मग निरोप आला, यादी न्यायला या. शेफाली कुरिअरवाला पाठवणार होती, त्याला त्यांनी नको म्हटलं होतं.

पुढच्याच गुरुवारी बापूराव झोपेत गेले, त्यामुळे यादी आणायला गेला त्या संध्याकाळचं बोलणं महिपतीला जसंच्या तसं आठवतं. पाकीट त्यांनी डिंकाने चिकटवलं होतं आणि वर तीन पिना मारल्या होत्या.

"पिना कशाला, बापूराव?"

"पेन आणलंय?"

"नाही."

"मग न्या."

महिपती पाकीट घेऊन फाटकापर्यंत गेला.

"कडी लावून घ्या," मागून बापूराव म्हणाले. "मांजर येतं."

"लावतो," महिपती म्हणाला.