न उचलायचा फोन

कंपनीच्या मोबाइलवरून घरी बोलायचं नाही, असा नवऱ्याच्या ऑफिसचा नियम. म्हणून आमचा फुकट फोन म्हणजे मिस्ड कॉल. दुबईहून अजमानला घरी यायला निघाला की एक रिंग, ट्रॅफिकमध्ये अडकला की दोन. मी उचलायचा नाही. मंदीत त्याच्या ऑफिसातली माणसं नोकरी जाऊन घरी बसायला लागल्यापासून मी भाजी चिरतानाही फोन मांडीवर ठेवायचे. एका दुपारी रिंग वाजली. दोन झाल्या, तीन झाल्या, पाच झाल्या, थांबेचना. मी चिडून उचलला.

"कट कर ना! बिल तपासतात ते!"

"तपासू देत," तो म्हणाला. "माझं खलास झालं. पाच वाजता फोनपण परत द्यायचाय. तोवर बोल गं, काहीही बोल."