हातावर रसम घेणारी आत्या

शाळा उघडली की पहिल्या दिवशी आत्या पुस्तकाला हात लावायची नाही. बाकांमधून फिरत एकेकीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायची. "ही लाल, उत्तम. ही पांढरीफटक! काय गं, शेतात अनवाणी फिरतेस? पोटात जंत झालेत तुझ्या. आधी सरकारी दवाखान्यात जा, मग ये जीवशास्त्र शिकायला." माझीही पापणी तिनं तेवढ्याच जोरात ओढली होती. घरी मी लाडकी भाची, वर्गात मात्र कुणी नाही.

तंजावूरच्या आमच्या घरात मागची खोली तिची. तिनं लग्न केलं नाही. आजी लवकर गेली, तेव्हा माझ्या अप्पांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, तिनंच वाढवलं. अप्पा तिला अक्का म्हणत आणि तिला विचारल्याशिवाय साधी चप्पलही घेत नसत. तिची मराठी तमिळसारखी शेवटी वर चढायची, मधे मधे 'अय्यो' आणि 'बरं'साठी 'सेरी'. पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसले की म्हणायची, "हसा, हसा. तुमची मराठी पेशव्यांची, आमची त्याच्याही आधीची!"

दहावीला आरोग्य आणि पर्यावरणाचा धडा होता. तो शिकवायला ती आम्हाला बसनं ओरत्तनाडूला घेऊन गेली. तिथल्या गुरांच्या डॉक्टरांनी एका मेलेल्या गाईचं पोट फाडून दाखवलं. आतून प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, दोऱ्या निघाल्या, निघतच राहिल्या. एक मुलगी भडाभडा ओकली. आत्यानं तिची पाठ चोळली. "ओक गं, ओक. त्या बिचारीला तेवढंही जमलं नाही." तो धडा मला पुन्हा वाचावा लागला नाही.

त्याच सुमारास देशाची दारं उघडली म्हणे. गावात रंगीत टीव्ही आले, नव्या स्कूटर आल्या, आणि अप्पांचं पितळी भांड्यांचं दुकान बसत चाललं. शेवटी त्यांनी प्लास्टिकच्या पानांची एजन्सी घेतली. हिरवीगार, शिरासुद्धा छापलेल्या, लांबून हुबेहूब केळीचं पान. लग्नाच्या हॉलवाल्यांच्या त्यावर उड्या पडल्या.

"रामू, मी ती गाय बघून आलेय," आत्या म्हणाली.

"अक्का, मी गाय बघू की पोरींची लग्नं बघू?"

त्याच पैशानं माझ्या थोरल्या बहिणीचं, सुधाचं, लग्न ठरलं होतं.

लग्नात पंगतीला सगळीकडे तीच पानं. आत्याची जागा सुधाच्या सासूशेजारी. मांडलेल्या पानावरून उठणं म्हणजे यजमानाचा अपमान, आणि त्या पानावर कढत सांबार घेणं तिच्यानं होईना. तिनं पान अलगद बाजूला सारलं आणि ओंजळ पुढे केली. "इथं वाढ." आमच्याकडे रसम हातावर घेऊन भुरकायची रीतच आहे, तेव्हा कुणाच्या लक्षात येणार नाही असं तिला वाटलं. पण तिनं भात हातावर घेतला, भाजी हातावर घेतली, पायसमही हातावर घेतलं. विहीणबाई बघत होत्या. "यांच्यात बिनलग्नाच्या बहिणीला पानसुद्धा वाढत नाहीत वाटतं?" बघता बघता हॉलभर तीच कुजबुज झाली.

"अक्का, चार माणसांत नाक कापलंस माझं!" अप्पा सगळ्यांसमोर ओरडले.

"अय्यो रामू, तुझा मान राखायलाच तर बसून राहिले रे!"

अप्पांनी ऐकून घेतलं नाही. आत्यानं पापनाशमला बदली मागून घेतली आणि तिथं जिन्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. बहीणभावाचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मी सुट्टीला तिच्याकडे जायची. अप्पांचं नाव काढलं की ती पाणी प्यायला उठायची. घरात ती मागची खोली रिकामी, आणि अप्पा तिकडे जाणंच टाळायचे. मला तर आजही ताप आला की वाटतं, कुणीतरी येऊन पापणी ओढावी आणि दोन शब्द रागवावं. आत्या, फार आठवण येते गं.

ती शाळेतच गेली, वर्ग चालू असताना. सगळं उरकल्यावर तिचं सामान आणायला अप्पा आणि मी पापनाशमला गेलो. अप्पा तो जिना पहिल्यांदाच चढत होते. घरमालकीण आजी वर उभ्या होत्या. त्यांनी तमिळमधून विचारलं, "तुम्हीच का ते रामू?"

अप्पांनी मान हलवली.

"दर वर्षी कणूला यायच्या हो माझ्या गच्चीवर." पोंगलच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बहिणी हळदीच्या पानावर भाताचे गोळे मांडून कावळ्यांना बोलावतात आणि भावासाठी मागणं मागतात, तो कणू. "सगळ्या बाया मनातल्या मनात मागायच्या, या मात्र मोठ्यांदा. माझ्या रामूचं दुकान चालू दे, चांगलं चालू दे. मी एकदा विचारलं, टीचर, कसलं दुकान भावाचं? तर म्हणाल्या, पानांचं."

अप्पा तिथंच पायरीवर बसले.

"अक्का," ते बंद दाराकडे बघून म्हणाले, "अगं, एकदा घरी येऊन सांगायचंस की गं मला."