ताफ्यातली शेवटची गाडी

सात एप्रिलला प्रचार कार्यालयाने प्रत्येक मोटारसायकलवाल्याला पेट्रोलचे चारशे ऐंशी रुपये वाटले. गार्डने ते घेतले नाहीत.

"घेतले की फिटलं," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "उमेदवार आपल्या उपकाराखाली राहिला पाहिजे. निवडून आला की हेल्मेटचा कायदा बदलून फेडेल."

गार्ड काही रेल्वेत नव्हता. कारखान्यात लेथवर टर्नर होता. पण मोटारसायकलवाल्यांच्या मंडळात बारा वर्षे त्याची गाडी ताफ्याच्या शेवटी असे. कुणी पडले, कुणाची गाडी बंद पडली, की थांबायचे ते त्याने. म्हणून गार्ड.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले, तेव्हापासून त्याची बायको गाडीवर बसली नव्हती. तिच्या कानामागे श्रवणयंत्र होते, आणि हेल्मेट चढवले की ते कानात शिट्टी मारायचे.

"मग यंत्र काढून ठेव," तो म्हणाला होता.

"ऐकूच यायचं नसेल तर माझ्या जागी पोतं बांधा," म्हणून ती बसने जाऊ लागली.

या दोघांचे जे काही बोलणे व्हायचे, ते तीस वर्षे गाडीवरच. घरात गार्ड मुखदुर्बळ. दोन वर्षांत घरात भाजीच्या पिशवीपलीकडे विषय उरला नव्हता. मंडळातल्या बाकीच्यांना केसांतून वारा हवा होता; गार्डला मागच्या सीटवरची बडबड हवी होती. त्यासाठी तो महिनाभर, सुट्टी बुडवून, पत्रके घेऊन दारोदार फिरला.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ताफा निघाला, सगळा बोडक्या डोक्यांनी.

"पोलिसांशी बोलून ठेवलंय," प्रचारप्रमुख म्हणाला. "फक्त ताफा तुटू देऊ नका. पाचच्या आत मैदानावर पोचायचंय."

गार्डच्या मागे बायको बसली होती. निघाल्यापासून तिचे तोंड मिटले नव्हते.

वाटेत एका गोदामापुढच्या उतारावर वाळू सांडली होती. पुढच्या गाडीवरचा मंडळातला तरुण इलेक्ट्रिशियन त्या वाळूवरून सटकला. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे, आणि डोके दुभाजकाच्या कडेवर. ताफा पुढे निघून गेला. मागे गार्ड आहे म्हटल्यावर मागे वळून बघायची कुणाला सवयच नव्हती.

बायकोने त्याचे डोके मांडीवर घेऊन रुमाल दाबून धरला. गार्डने हात करून एक मालवाहू टेम्पो थांबवला. तेवढ्यात प्रचारप्रमुखाचा फोन आला.

"कुठं राहिलात?"

गार्डने सांगितले.

"शुद्धीवर आहे?"

"बरळतोय."

"मग दवाखान्यात न्या, पण शिडीवरून पडला म्हणा. इलेक्ट्रिशियनच आहे, कुणाला शंका येणार नाही. परवा मतदान आहे, गार्डसाहेब. उद्या हे पेपरात आलं तर तुमचा कायदाबदल गेला म्हणून समजा."

महिनाभरात त्याने पहिल्यांदाच साहेब म्हटले होते.

टेम्पोत मागे बायको जखमीला धरून बसली. गार्ड मागोमाग गाडीवर. दवाखान्याच्या दारात त्याने तिला फोनवरचे बोलणे सांगितले. तिने कानामागचे यंत्र काढून त्याच्या हातावर ठेवले.

"आत काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा. मला ऐकायचं नाही."

डॉक्टरने बुबुळांवर उजेड टाकत विचारले, "कसा पडला?"

"शिडीवरून."

"किती उंचीवरून?"

"चार-पाच पायऱ्या असतील."

"मग टाके घालू आणि रात्रभर लक्ष ठेवू. स्कॅनला आधीच रांग आहे."

परिचारिकेने सुईदोरा काढला. इलेक्ट्रिशियनने डोळे अर्धवट उघडले. "काका मागं आहेत ना?" तो म्हणाला. मग पुन्हा तेच. गार्डने बायकोकडे पाहिले. ती भिंतीला टेकून त्याच्या ओठांकडे बघत होती. त्याच्या हातातले यंत्र घामाने ओले झाले होते.

"डॉक्टर, थांबा. शिडी नव्हती. गाडीवरून पडलाय, उतारावर. डोक्यावर काही नव्हतं. आमच्या कुणाच्याच नव्हतं."

"वेग?"

"चाळीस तरी."

डॉक्टरने परिचारिकेचा हात थांबवला. स्ट्रेचर रांग तोडून स्कॅनकडे गेले. आत रक्त साकळले होते. संध्याकाळीच ऑपरेशन झाले.

दवाखान्याने पोलिसांना कळवले आणि दुसऱ्या दिवशी सगळे पेपरात आले. निकालात उमेदवार पडला, कायदा आहे तिथेच राहिला. मंडळात काहींनी गार्डशी बोलणे टाकले. ताफ्याच्या शेवटी आता दुसऱ्याची गाडी असते.

इलेक्ट्रिशियन घरी आल्यावर दोघे त्याला बघायला निघाले. गार्डने गाडी काढली आणि तो तिच्यासाठी बसचे सुटे पैसे चाचपू लागला. बायको जिन्यावरून उतरली ती हेल्मेट घालूनच. यंत्र तिने पर्समध्ये टाकले होते.

"तुम्ही बोला," मागे बसत ती म्हणाली. "पाठीवर हात ठेवला की कळतं मला, बोलताय का गप्प आहात ते."

पूल ओलांडल्यावर गार्डने घसा खाकरला. मग तो नव्या फोरमनबद्दल बोलू लागला, आणि पोचेपर्यंत बोलतच राहिला.

त्या दिवशी टेम्पोवाल्याशी दीडशे रुपये ठरले होते. सुटे नव्हते म्हणून गार्डने नंतर देतो म्हटले. ते अजून फिटायचे आहेत.